आठवडी बाजार कुठे भरावा? सार्वजनिक निर्णयांत ऑनलाइन साधनांनी नागरिकांना सामील करून घेण्याची कार्यपद्धती

बहुतेक नगरपरिषदांच्या संकेतस्थळावर ‘हरकती व सूचना’ या नावाचा एक दुवा असतो. तो उघडला की एखादा ई-मेल पत्ता दिसतो, आणि त्या पत्त्यावर पाठवलेल्या मजकुराचे पुढे काय झाले हे पाठवणाऱ्याला सहसा कळत नाही. कागदाच्या जागी पडदा आला म्हणून सहभाग वाढत नाही. ऑनलाइन साधनामुळे नागरिकाचा बोलण्याचा खर्च कमी होतो; कार्यालयात जाणे, अर्ज लिहिणे, आवक क्रमांक घेणे हे सारे वाचते. मात्र त्याच कारणाने ऐकणाऱ्याचे काम अनेक पटींनी वाढते आणि त्याची तजवीज कोणी केलेली नसते. म्हणून अशा उपक्रमाची आखणी शेवटच्या टोकाकडून, म्हणजे आलेल्या मतांना उत्तर कोण, कधी आणि कसे देणार इथून करावी, असे माझे मत आहे. पुढची पद्धत कामाच्या क्रमाने मांडली आहे, पण प्रत्येक पायरीवर लक्ष त्या टोकाकडे ठेवले आहे.

काही वर्षांपूर्वी एका लहान शहरात अशा उपक्रमाला मी स्वयंसेवक म्हणून मदत केली. विषय आठवडी बाजाराचा होता. मुख्य रस्त्यावर भरणारा बाजार वाहतुकीच्या कोंडीमुळे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत हलवावा, असा प्रस्ताव होता. झालेल्या चुका शिकण्याजोग्या होत्या, म्हणून हेच उदाहरण लेखभर वापरतो.

आधी निर्णय लिहून काढावा

साधनाचा विचार करण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: निर्णय नेमका कशाबद्दल आहे, तो कोण घेणार, कोणत्या तारखेला घेणार आणि त्यातले काय आधीच ठरून गेले आहे. बाजाराच्या उदाहरणात जागा बदलण्याचा ठराव सर्वसाधारण सभेचा होता, रस्त्यावरील वाहतूक वळवण्याची अधिसूचना पोलिसांची होती आणि नव्या जागेवरील ओट्यांचा खर्च अर्थसंकल्पातून यायचा होता. या तीन गोष्टी वेगळ्या न केल्याने लोकांनी नगरपरिषदेला अशा कित्येक मागण्या पाठवल्या, ज्या मान्य करण्याचा अधिकारच तिला नव्हता.

जे ठरले आहे ते प्रामाणिकपणे ‘ठरले आहे’ असे सांगावे. बाजार हलणारच असेल आणि केवळ वेळ, रचना व सोयी यांवरच मत हवे असेल, तर ‘बाजार हलवावा का?’ हा प्रश्न विचारूच नये. लोकांना नकार पचतो. विचारून न विचारल्यासारखे केलेले पचत नाही.

वेळेचे गणितही इथेच मांडावे. अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजूर व्हायचा असेल, तर कामांच्या सूचना पावसाळ्याच्या अखेरीसच हातात हव्यात, कारण त्यानंतर जागेची पाहणी, मालकीची तपासणी आणि अंदाजपत्रक ही कामे उरतात. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये सहभागी अर्थसंकल्पाची, म्हणजे निधी कशावर खर्चावा हे ठरवण्यात नागरिकांना सामील करण्याची पद्धत सुरू केली, तिथेही वर्षाचे चक्र आधी ठरवलेले असे. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातील छोट्या कामांच्या सूचना मागवण्यास सुरुवात केली. पदपथ, बाके, दिवे अशा आवाक्यातल्या कामांपुरती ती मर्यादित ठेवल्याने क्षेत्रीय कार्यालयाला प्रत्येक सूचना तपासता येते. पहिल्यांदा असा उपक्रम करणाऱ्यांनी विषय असाच लहान घ्यावा.

कोणाला विचारायचे

आमच्या अर्जातला पहिला रकाना ‘प्रभाग क्रमांक’ असा होता आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या बहुतांश आसपासच्या खेड्यांतून येत. त्यांना प्रभाग क्रमांक नव्हताच. ज्यांच्या पोटावर निर्णयाचा पहिला परिणाम होणार होता, त्यांना अर्जाने पहिल्याच ओळीत बाहेर काढले होते, आणि हे आमच्या लक्षात आठवडाभराने आले.

म्हणून मतदारयादी हा आधार न धरता ‘बाधित कोण’ ही यादी करावी. बाजारासाठी ती अशी होईल: रस्त्यालगतचे रहिवासी आणि दुकानदार, बाजारात बसणारे शहरातले व बाहेरचे विक्रेते, तालुक्याच्या गावांतून येणारे गिऱ्हाईक, रिक्षाचालक, हमाल, सफाई कर्मचारी आणि नव्या जागेच्या शेजारची वस्ती. प्रत्येक गटासमोर त्यांच्यापर्यंत निरोप कशाने पोहोचतो ते लिहावे. रहिवाशांपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटातून निरोप जातो; विक्रेत्यांपर्यंत मात्र बाजाराच्या दिवशी पावती फाडणाऱ्या माणसाखेरीज कोणीच पोहोचत नाही. पथविक्रेता अधिनियम, २०१४ प्रमाणे नगर पथविक्रेता समिती असते आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. विक्रेत्यांच्या विषयात या समितीला बाजूला ठेवून केलेली ऑनलाइन प्रक्रिया कितीही देखणी असली तरी लंगडीच राहते.

माहितीपत्रक

मत मागण्यापूर्वी माहिती द्यावी लागते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ग) प्रमाणे महत्त्वाची धोरणे आखताना किंवा लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना संबंधित सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. चाळीस पानी टिपणी स्कॅन करून चढवली म्हणजे हे कर्तव्य पार पडले, असे मानू नये. मोबाइलच्या पडद्यावर वाचता येईल असे एक पान मराठीत करावे: प्रस्ताव काय, कारण काय, पर्याय कोणते पाहिले, खर्च किती, कोणाला काय सोसावे लागेल. सोबत ओळखीच्या खुणांचा नकाशा द्यावा. सर्व्हे क्रमांकापेक्षा ‘जुन्या जिनिंगच्या मागचे मैदान’ हे वर्णन शंभर जणांना अधिक कळते.

भाषेचा मुद्दा किरकोळ नाही. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा २०२० चा अधिसूचना-मसुदा आला तेव्हा तो आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत उपलब्ध करावा आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवावी, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला. न्यायालयाने सांगेपर्यंत थांबू नये.

माहिती चुकीची असेल तर काय होते, याचे मोठे उदाहरण मुंबईचे आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेल्या प्रारूप विकास आराखड्यात इतक्या चुका आढळल्या आणि इतक्या हरकती आल्या की एप्रिलमध्ये तो बाजूला ठेवून नव्याने करण्याचा आदेश मुख्यमंत्र्यांनी दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले. सध्या जागेवर काय आहे, एवढाच नकाशा आधी लोकांकडून तपासून घेणे ही म्हणूनच एक स्वतंत्र पायरी समजावी. तीत मत मागायचे नसते, फक्त चूक दाखवून घ्यायची असते, आणि या कामाला ऑनलाइन नकाशा फार उपयोगी पडतो.

प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. आमच्या पहिल्या अर्जातला प्रश्न असा होता: ‘शहराच्या सर्वांगीण विकासासाठी व वाहतूक सुरळीत होण्यासाठी आठवडी बाजाराचे स्थलांतर आवश्यक आहे, असे आपणास वाटते का?’ या प्रश्नात उत्तर आधीच घातलेले आहे. विकास कोणाला नको? शिवाय ‘होय’ म्हणणाऱ्याला नेमके काय मान्य आहे, हे या उत्तरातून कळतच नाही. त्याखाली ‘इतर सूचना’ अशी मोकळी चौकट होती आणि तिच्यात अनेकांनी केवळ ‘पाणी’ असा एकच शब्द लिहिला होता. तो शब्द नव्या जागेवर पिण्याच्या पाण्याची सोय नसल्याबद्दल होता की शहराच्या दिवसाआड पाणीपुरवठ्याबद्दल, हे आम्हाला शेवटपर्यंत उलगडले नाही.

दुसऱ्या वेळी प्रश्न फोडून घेतले. बाजाराच्या दिवशी तुम्ही तिथे कशासाठी असता? सध्याच्या जागेवर तुम्हाला कोणती एक अडचण सर्वांत जास्त जाणवते? नव्या जागेवर बाजार गेला तर तुम्ही तिथे कसे पोहोचाल? पुढील तीन पर्यायांपैकी कोणता तुम्हाला चालेल (एकापेक्षा अधिक निवडू शकता)? जो पर्याय चालणार नाही, तो का चालणार नाही? यातले शेवटचे ‘का’ फार मोलाचे असते, कारण अधिकाऱ्याला आकड्यापेक्षा कारणावर काम करता येते.

काही साधे नियम पाळावेत. एका प्रश्नात दोन गोष्टी जोडू नयेत. ‘आपणास’, ‘सदर’, ‘उक्त’ हे शब्द गाळावेत. ‘सध्या आहे तिथेच राहू द्या’ हा पर्याय, तो मान्य होण्याजोगा असेल तर, नेहमी द्यावा. सक्तीचे रकाने कमीत कमी ठेवावेत आणि संपूर्ण अर्ज चार-पाच मिनिटांत भरून झाला पाहिजे. प्रसिद्ध करण्यापूर्वी तो पाच माणसांकडून आपल्यासमोर भरून घ्यावा, आणि त्या पाचांत कार्यालयातले कोणीही नसावे. भरताना माणूस जिथे थांबतो, कपाळाला आठ्या घालतो किंवा ‘हे काय लिहू?’ असे विचारतो, तिथे प्रश्न चुकला आहे.

प्रश्न नेमके असण्याचा आणखी एक फायदा दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या अनुभवातून दिसतो. इंटरनेटच्या भेदभावी दरांविषयी, म्हणजे वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावण्याविषयी, २०१५ च्या डिसेंबरात मते मागवली असता, निवडक संकेतस्थळे फुकट देणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या मोहिमेतून एकाच साच्यातले समर्थनाचे संदेश मोठ्या संख्येने आले. त्या संदेशांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच नाहीत, अशी भूमिका ट्रायने घेतली. प्रश्न ठोस होते म्हणूनच ही भूमिका घेता आली.

साधन निवडणे

इतके झाल्यावरच साधनाकडे वळावे. एकाच विषयावर, एकदाच, काही शे लोकांचे मत हवे असेल तर गुगल फॉर्म पुरेसा आहे. त्यासाठी निविदा काढून ॲप बनवून घेणे म्हणजे पैशाचा अपव्यय, कारण एका प्रश्नासाठी ॲप उतरवून घेणारा नागरिक मला अजून भेटलेला नाही. घरोघरी किंवा बाजारात फिरून माहिती घ्यायची असेल, तर कोबो टूलबॉक्ससारखे, नेटवर्क नसतानाही चालणारे साधन बरे.

दरवर्षी सूचना, चर्चा, मतदान आणि कामाची प्रगती असे सारे चक्र चालवायचे असेल तर त्यासाठीच बनवलेली मुक्त सॉफ्टवेअर आहेत. माद्रिद शहराने २०१५ मध्ये ‘डिसाइड माद्रिद’ सुरू केले, त्यामागचे ‘कॉन्सुल’ आणि बार्सिलोनाने २०१६ पासून वापरलेले ‘डेसिडिम’ ही त्यांतली प्रमुख. ती फुकट मिळतात, पण सर्व्हर, देखभाल आणि एक जाणता माणूस यांचा खर्च दरवर्षी असतोच. निवडण्यापूर्वी त्यांचे मराठी भाषांतर किती झाले आहे, हे स्वतः उघडून पाहावे.

तिसरा प्रकार वेगळा आणि मला विशेष आवडणारा आहे. ‘पोलिस’ नावाचे एक साधन आहे; नावाचा आपल्या पोलिसांशी संबंध नाही. त्यात लोक छोटी विधाने लिहितात आणि इतरांच्या विधानांवर सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ एवढेच दाबतात. प्रत्युत्तर देण्याची सोयच नसल्याने भांडण पेटत नाही. सारखी मते असणाऱ्यांचे गट साधन आपोआप दाखवते आणि सर्व गटांना मान्य असलेली विधानेही वेगळी काढते. तैवानमध्ये उबरच्या नियमनावर २०१५ मध्ये हे वापरले गेले. टॅक्सीचालक आणि उबरचे समर्थक समोरासमोर उभे असतानाही प्रवाशांच्या विम्यासारख्या मुद्द्यांवर त्यांचे एकमत दिसले. बाजाराच्या विषयात ‘जागा कोणतीही असो, महिला विक्रेत्यांसाठी स्वच्छतागृह हवे’ हे विधान रहिवासी आणि विक्रेते दोघांनाही पटेल, तर ‘रस्ता आधी वाहनांचा’ हे विधान त्यांना दोन बाजूंना उभे करील. दोन्ही कळणे गरजेचे असते.

व्हॉट्सॲपचा गट निरोप पोहोचवायला उत्तम आणि मत नोंदवायला अगदी वाईट. तिथे दहा जण शंभर संदेश टाकतात, बाकीचे गप्प बसतात आणि सकाळी शुभेच्छांच्या फुलांखाली सारे गाडले जाते.

ओळख आणि माहितीची जपणूक

एका माणसाने अनेकदा अर्ज भरू नये म्हणून मोबाइलवर ओटीपी मागण्याचा मोह होतो. प्रत्यक्ष निधीवाटपाचे मतदान असेल तर तो ठीक आहे. केवळ मते गोळा करायची असतील तर टाळावा, कारण पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो. ‘एक क्रमांक, एक मत’ या नियमाने सासू, सून आणि मुलगी तिघींची मते एका फटक्यात बाद होतात. आधार क्रमांक तर मागूच नये.

जी माहिती घ्याल तिचा हेतू अर्जाच्या सुरुवातीलाच मराठीत सांगावा, गरजेपुरतीच घ्यावी आणि काम संपल्यावर ती पुसून टाकावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ची दिशा हीच आहे. मते प्रसिद्ध करताना नाव, क्रमांक आणि पत्ता वगळावा. इंटरनेट-तटस्थतेवर, म्हणजे सर्व संकेतस्थळांना सारखी वागणूक मिळावी या विषयावर, आलेले दहा लाखांहून अधिक ई-मेल ट्रायने २७ एप्रिल २०१५ रोजी पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकले होते. पारदर्शकतेच्या हेतूने का होईना, लाखो लोकांचे ई-मेल पत्ते उघड्यावर आले. लहान शहरात धोका याहून जवळचा असतो. ‘नगरसेवकाच्या भावाचे दुकान रस्त्यावर आले आहे’ असे लिहिणाऱ्याचे नाव फुटले, तर पुढच्या वेळी त्या गल्लीतून एकही अर्ज येणार नाही.

फोन नसलेल्यांचे मत

ऑनलाइन अर्ज हा एकमेव मार्ग ठेवू नये. सर्व मार्गांनी आलेली मते एकाच तक्त्यात यावीत, एवढे मात्र पाहावे. आपले सरकार सेवा केंद्र, वाचनालय आणि बचत गटाची बैठक अशा ठिकाणी मदतीने अर्ज भरून घेण्याची सोय करावी. भरून घेणाऱ्याने माणसाचे वाक्य त्याच्याच शब्दांत लिहावे आणि परत वाचून दाखवावे. मराठी टंकलेखन अवघड वाटणाऱ्यांसाठी कीबोर्डवरील माइकचे चिन्ह दाखवले तरी पुष्कळ काम होते. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी दोन महाविद्यालयीन मुली फोन घेऊन ओळीने फिरल्या. सकाळी गिऱ्हाइकीच्या वेळी कोणी बोलेना. दुपारी चारनंतर, उरलेला माल आवरताना, विक्रेत्या निवांत बोलल्या. ती वेळ आम्हाला आधी कोणीतरी सांगायला हवी होती.

मुदत चालू असताना

मुदत किमान ३० दिवसांची असावी. केंद्र सरकारच्या २०१४ च्या कायदेपूर्व विचारविनिमय धोरणातही मसुद्यासाठी हाच किमान कालावधी आहे. सणासुदीचे आणि सुगीचे दिवस टाळावेत. दर आठवड्याला कोणत्या गटाकडून किती अर्ज आले ते पाहावे आणि मागे पडलेल्या गटाकडे माणूस पाठवावा. वारंवार येणाऱ्या शंकांची उत्तरे माहितीपत्रकाच्या खाली, तारखेसह, वाढवत जावीत. मते मात्र मुदत संपेपर्यंत मोजून जाहीर करू नयेत; आकडे दिसू लागले की लोक मत देण्याऐवजी माणसे जमवू लागतात.

वर्गीकरण आणि उत्तरपत्रक

मुदत संपल्यावर खरे काम सुरू होते. त्यासाठी दोन माणसे आणि किमान दोन आठवडे आधीच राखून ठेवलेले असावेत. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप विकास आराखड्यावर २०१३ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. अशा संख्येपुढे तयारी नसलेले कार्यालय हात टेकते आणि मग सगळ्यांना एकच छापील उत्तर जाते.

मते होकार-नकारावर न लावता कारणांवर लावावीत. ‘टोपली डोक्यावर घेऊन किती चालायचं’, ‘एसटी स्टँडपासून लांब पडतं’, ‘रिक्षाचे पैसे वजा जाता काय उरणार’ ही तीन वाक्ये तीन तऱ्हेची दिसतात, पण कारण एकच: अंतर आणि वाहतुकीचा खर्च. पहिले शंभर अर्ज दोघांनी स्वतंत्रपणे वर्गीकृत करावेत आणि मग तुलना करावी. जिथे दोघांचे पटत नाही, तिथे वर्गाची व्याख्या सुधारावी. एकाच साच्यातले अर्ज फेकून देऊ नयेत. त्यांतला युक्तिवाद एकदा घ्यावा आणि त्यापुढे पाठिंब्याची संख्या लिहावी. हे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने झटकन होते, परंतु बोलीतले वाक्य आणि उपरोध तिथे हमखास चुकतो. ‘व्वा, आता बाजाराला जायला विमान घेऊ’ हे वाक्य समर्थनात मोजले जाऊ नये, म्हणून अखेरची तपासणी माणसानेच करावी.

टक्केवारी सांगताना संयम पाळावा. अर्ज भरणारे स्वतःहून आलेले असतात, त्यामुळे ‘शहरातील इतके टक्के नागरिकांना बाजार हलवायला हवा आहे’ असे वाक्य लिहिता येत नाही. ‘अर्ज भरणाऱ्या विक्रेत्यांपैकी’ आणि ‘अर्ज भरणाऱ्या रहिवाशांपैकी’ असे गटवार लिहावे.

यानंतर उत्तरपत्रक, म्हणजे प्रत्येक मुद्द्यावर काय ठरले आणि का याचा तक्ता, तयार करावे. त्यातली एक ओळ नमुन्यासाठी देतो. मुद्दा: नवी जागा बसस्थानकापासून दूर आहे, माल नेण्याचा खर्च वाढेल. निर्णय: अंशतः मान्य. कारण: जवळची दुसरी जागा नगरपरिषदेच्या मालकीची नाही. बदल: बाजाराच्या दिवशी एसटीचा विनंती थांबा मागण्याचे पत्र देणे, पहिले सहा महिने बाजार-शुल्क निम्मे. जबाबदारी: बाजार विभाग. तारीख: ठरावापासून ३० दिवस. जे अमान्य केले, त्याचीही ओळ अशीच असावी. बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे देण्याचे बंधन माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(घ) मध्ये आहेच. तैवानच्या ‘जॉइन’ या शासकीय मंचावर ५,००० जणांचा पाठिंबा मिळालेल्या प्रस्तावाला संबंधित खात्याने ६० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपल्याकडे असे बंधन नसले, तरी मुख्याधिकाऱ्यांच्या आदेशात उत्तराची तारीख घालून घेण्यास कोणाचीच हरकत नसते. ती तारीख पहिल्या जाहीर सूचनेतच छापावी.

ठरावानंतर

उत्तरपत्रक सभेच्या टिपणीला जोडावे, म्हणजे ते इतिवृत्तात जाते आणि पुढे माहिती अधिकारात मागता येते. ज्यांनी संपर्क क्रमांक दिला त्यांना त्याचा दुवा पाठवावा, बाजारात मोठ्या अक्षरांत फलक लावावा आणि विक्रेत्यांसाठी ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवावे. सहा महिन्यांनी त्याच तक्त्यात ‘आजची स्थिती’ हा एक रकाना भरावा. झालेले काम जितक्या सहज लिहिले जाते, तितक्याच सहज ‘एसटीकडून उत्तर नाही, स्मरणपत्र पाठवले’ हेही लिहावे.

एक बारीकशी गोष्ट राहिली. आमच्या अर्जाचा क्यूआर कोड छापलेले कागद मुदत संपून वर्ष झाले तरी पाण्याच्या टाकीवर आणि रेशन दुकानाच्या दारावर चिकटलेले होते, आणि कोणी तो स्कॅन केला की ‘हा अर्ज आता स्वीकारला जात नाही’ एवढेच इंग्रजीत दिसे. तोच दुवा उत्तरपत्रकाकडे वळवणे दोन मिनिटांचे काम आहे. ते कोणी करायचे आणि कागद कोणी काढायचे, हेही आदेशात नावानिशी लिहून ठेवावे.